वहीचें शेवटचें पान

वह्या तपासावयास घेतल्या म्हणजे शिक्षक पहिलें पान आधीं पाहतो. तेथें नांव, इयत्ता, तुकडी व विषय सुवाच्य अक्षरांत लिहिलेला असतो. शेवटचें पान पाहण्याचा प्रघात नाहीं, आणि पाहिलें तर तें बहुधा रागावण्यासाठींच. त्या पानावर काय नसतें? क्रिकेटच्या धावा, बाकावरील सोबत्याचें वेडेंवांकडें तोंड, तलवारी, फुलें, एखाद्या नटाचें नांव पांच वेळां लिहिलेलें, आणि मधूनच एखादें घर. ह्या शेवटच्या पानाविषयीं चार शब्द लिहावे असें प्रस्तुत लेखकाच्या मनांत पुष्कळ दिवस होतें. त्यावर उमटणारें बरेंचसें रिकामपणाचा उद्योग असतें हें खरें. परंतु त्यांत थोडें असेंहि असतें कीं जें त्या मुलास दुसऱ्या कोणत्याच पानावर मांडतां आलेलें नसतें.

आपल्याकडे चित्रकलेची किंमत एकाच बाजारांत ठरते. एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या परीक्षा द्याव्या, दहावीच्या निकालांत कांहीं गुण वाढवून घ्यावे, आणि मग रंगाची पेटी माळ्यावर टाकावी. हा हिशेब चुकीचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. गुण कोणास नको असतात? परंतु जें मूल परीक्षेस बसणार नाहीं त्याच्या हातांतील पेन्सिल म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, असें जें त्यावरून अनुमान निघतें, तें मात्र आम्हांस मान्य नाहीं. जें दुःख बोलून दाखवितां येत नाहीं, त्यास मनाबाहेर ठेवण्यापुरती जागा देणें हा चित्राचा एक फार जुना उपयोग आहे. तो आपल्या शाळांतून व घरांतून विसरला गेला आहे.

घरांत मृत्यु घडला म्हणजे काय होतें तें पाहावें. मोठ्या माणसांजवळ चार माणसें येऊन बसतात. तीं बोलतात, रडतात, गेलेल्याच्या आठवणी काढतात. मुलास त्याच वेळीं शेजारीं किंवा मामाच्या गांवीं पाठवून देण्यांत येतें, आणि तें परत आलें म्हणजे त्याच्या वाट्यास एक वाक्य येतें, "रडूं नकोस, आतां तूं मोठा झालास." मुलगा असेल तर हें वाक्य अधिकच कडक स्वरांत येतें. त्या दिवसापासून तें मूल शहाण्यासारखें वागूं लागतें, व सर्वांस वाटतें कीं तें विसरलें. वस्तुतः त्यास बोलण्याची बंदी झालेली असते, एवढेंच.

शिवाय बंदी नसती तरी शब्द आले असतेच असें नाहीं. भयंकर प्रसंगाची आठवण एखाद्या गोष्टीप्रमाणें आरंभ, मध्य व शेवट अशी मनांत राहत नाहीं. ती तुकड्यातुकड्यांनीं राहते: एक वास, एक आवाज, दारांतून दिसलेले कोणाचे तरी पाय, पावसांत भिजलेली चप्पल. ज्यास पूर्वापर नाहीं त्याची हकीकत सांगणार कशी? "काय झालें तें सांग" म्हटल्यावर मूल गप्प बसतें, तें हट्टानें नव्हे. परंतु चित्रास पूर्वापर लागत नाहीं. ती चप्पल तेवढी काढली तरी चालते. कागदास चार कडा असतात. जें मनांत कोठेंच संपत नव्हतें त्यास कागदावर कोठें तरी संपावें लागतें. मग तो कागद उलटा ठेवतां येतो, घडी करून दप्तरांत घालतां येतो, वाटल्यास फाडतांहि येतो. ज्या गोष्टीपुढें मूल सर्वस्वीं दुबळें होतें, तिच्यावर एवढी तरी सत्ता त्यास प्राप्त होते.

ह्यास दूरचें उदाहरण शोधण्याचें कारण नाहीं. जिव्या सोमा म्हसे हें नांव आमच्या विद्यार्थ्यांनीं वारली चित्रांच्या संबंधांत ऐकलें असेल. त्यांचा जन्म १९३४ सालचा, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील. सात वर्षांचे असतां त्यांची आई वारली, आणि त्या मुलाची वाचाच बंद झाली. कित्येक वर्षें तो कोणाशीं बोलेना. जें काय सांगावयाचें तें तो मातींत बोटानें चित्र काढून सांगे.

येथें क्षणभर थांबावें. वारली समाजांत त्या काळीं चित्र काढणें हें पुरुषाचें काम नव्हतें. लग्नप्रसंगीं सुवासिनींनीं झोपडीच्या गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहावा, त्यांत पालघट देवी बसवावी, अशी रीति होती. अशा समाजांत एक पोरका मुलगा धुळींत रेघोट्या ओढीत बसला असतां कोणी तरी त्यास दटावून उठविणें हेंच स्वाभाविक झालें असतें. सुदैवानें धुळीस मालक नसतो. त्या मुलास न बोलतां जगावयास जी एक वाट सांपडली होती ती खुली राहिली. पुढें तो डहाणू तालुक्यांतील कळंबीपाड्यावर राहूं लागला, आणि मोठेपणीं, बायकांच्या ह्या विधीपलीकडे जाऊन, रोज स्वतःसाठीं चित्रें काढूं लागला. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्या पाड्यांतून कागद घेऊन हिंडूं लागले, तेव्हां त्यांच्या दृष्टीस हा हात पडला. १९७५ सालीं मुंबईच्या केमोल्ड गॅलरींत म्हशांचें प्रदर्शन भरलें; १९७६ सालीं राष्ट्रीय पारितोषिक आलें; २०११ सालीं पद्मश्री. १५ मे २०१८ रोजीं ते निवर्तले, तोंपर्यंत त्यांचीं चित्रें यूरोप व जपानपर्यंत पोहोंचलीं होतीं.

ही कीर्ति सांगण्यांत आमचा हेतु "पाहा, चित्रें काढल्यानें मनुष्य केवढा मोठा होतो" असें म्हणण्याचा नाहीं. पद्मश्री न मिळती तरी त्या सात वर्षांच्या मुलास धुळीनें जो आधार दिला तो तेवढाच खरा राहिला असता. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. ज्या चित्रांनीं त्यांचें नांव झालें त्यांत आईचें मरण नाहीं. त्यांत मासे धरण्याचें अफाट जाळें आहे, मुंग्या आहेत, तारप्याभोंवतीं फेर धरून नाचणारीं माणसें आहेत, शेतें आहेत. दोन त्रिकोण टोंकांशीं जोडले कीं माणूस उभा राहतो, आणि अशीं शेंकडों माणसें एकमेकांचा हात धरून उभीं राहतात. दुःखी मुलानें दुःखाचेंच चित्र काढलें पाहिजे असा जो आपला समज असतो, तो येथें खोटा ठरतो.

आतां आपल्या तालुक्याकडे वळूं. ७ जून २०२१ रोजीं पिरंगुटजवळील उरवडे येथें एका कारखान्यास आग लागली आणि सतरा कामगार मृत्युमुखीं पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. सकाळीं डबा घेऊन कामावर गेलेल्या त्या माता, सुना व बहिणी होत्या. त्यांच्या पाठीमागें घरीं मुलें राहिलीं. मुळशींत राहणाऱ्या कोणासहि त्या दिवसाची आठवण करून द्यावयास नको. त्याच सुमारास कोरोनाच्या साथीनें किती घरांतील वडीलधारीं माणसें नेलीं हेंहि आपण जाणतोच. चौकशी झाली, मदतीच्या रकमा जाहीर झाल्या, वर्तमानपत्रांत छायाचित्रें आलीं. परंतु सात, नऊ, बारा वर्षांच्या मुलानें हें सर्व मनांत कोठें ठेवावयाचें, ह्याविषयीं आपण मोठ्या माणसांनीं फारसें बोलल्याचें आठवत नाहीं.

असें म्हणण्यास जागा आहे कीं आपल्या डोंगरी मुलखास दुःख नवें नाहीं. आमच्या आज्यापणज्यांनीं कोठें चित्रें काढलीं होतीं? त्यांनीं चित्रें काढलीं नाहींत, परंतु त्यांच्याजवळ जातें होतें. पहांटे घर निजलेलें असतांना बाई जात्याशीं बसे आणि सासरचा जाच, धरणाखालीं गेलेली जमीन, मेलेलें मूल, दूर राहिलेली आई, हें सर्व ओवींतून दगडास सांगे. ऐकणारा कोणी नसे, आणि नसे म्हणूनच सर्व सांगतां येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनीं ओव्या जमविण्यास आरंभ केला तो ह्याच मुळशीच्या डोंगरी गांवांतून. पुढें महाराष्ट्रभरच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्या संग्रहांत आल्या. एवढें दुःख बायकांनीं बोलून ठेविलें होतें, आणि घरांतील पुरुषांस त्याचा पत्ता नव्हता! पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांचे कष्ट गेले, हें उत्तमच झालें. परंतु जात्याबरोबर ती पहांटेची जागाहि गेली, आणि तिच्या ठिकाणीं दुसरें कांहीं आलें नाहीं. मुलांस तर तशी जागा पूर्वींहि नव्हती. शेवटच्या पानाचें महत्त्व आम्हांस वाटतें तें ह्यासाठीं.

ह्यावर एक आक्षेप गंभीर आहे. जखम खाजविल्यानें चिघळते. मग तेंच तें आठवून चित्र काढल्यानें मुलाचें दुःख वाढणार नाहीं काय? ह्या आक्षेपास आम्ही हंसून वाटेस लावणार नाहीं. तय्यब मेहता हे मुंबईचे थोर चित्रकार. १९४७ सालच्या दंग्यांत, महंमद अली रस्त्यावरील घराच्या खिडकींतून, एका माणसास जमावानें खालीं ठार मारलेलें त्या तरुणानें पाहिलें. त्या धक्क्यानें त्यांस ताप भरला. तें दृश्य पुढें त्यांस आयुष्यभर सोडून गेलें नाहीं. त्यांच्या चित्रांत अधांतरीं कोसळणारा मनुष्य पुनःपुनः येतो. १९६८ सालीं दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनांत ज्या चित्रास सुवर्णपदक मिळालें तेंहि कोसळणाऱ्या माणसाचेंच होतें. म्हणजे दृश्य पाहिल्यास वीसएक वर्षें होऊन गेलीं तरी तें गेलें नव्हतें. चित्र काढलें कीं दुःख गेलें, असें जो सांगतो तो औषध विकणारा समजावा. परंतु ह्या उदाहरणाची दुसरी बाजू अशी कीं, जें दृश्य मनुष्यास वेडें करूं शकलें असतें त्याजबरोबर हा मनुष्य जगला, त्यास दरवेळीं नव्यानें आंखूं शकला, त्याचा रंग आणि तोल बदलूं शकला. तय्यब मेहता २००९ सालीं, चौऱ्याऐंशीं वर्षांचे होण्याच्या सुमारास वारले. न काढलेलें चित्र मनांत जसेंच्या तसें राहतें. काढलेल्या चित्रांत निदान फरक करतां येतो.

तेव्हां चिघळण्याची भीति आहे ती चित्राची नव्हे, तर त्या चित्रापाशीं मोठीं माणसें कशीं वागतात त्याची आहे. ह्या बाबतींत आम्हां शिक्षकांस गुरुस्थानीं मानण्यासारखी एक बाई होऊन गेली. फ्रीडल डिकर-ब्रँडाईस ही व्हिएन्नाची चित्रकर्ती, जर्मनींतील प्रख्यात बाउहाउस शाळेंत शिकलेली, जन्मानें यहूदी. १९४२ च्या डिसेंबरांत नाझींनीं तिची रवानगी प्रागजवळील तेरेझीन येथील बंदिवासांत केली. बरोबर नेण्यास ठराविक वजनाचें सामान, एवढीच परवानगी होती. तींत तिनें कपड्यांची काटकसर करून चित्रकलेचें साहित्य भरलें, कारण तेथें मुलें असणार हें तिला ठाऊक होतें. आईबापांपासून वेगळीं केलेलीं तीं मुलें दाटीवाटीच्या खोल्यांतून राहत, उपाशीं असत, आणि आज शेजारीं निजणारा मित्र उद्यां आगगाडीनें कोठें नेला जाईल हें त्यांस कळत नसे. फ्रीडल त्यांस शिकवी. कागद संपला कीं कचेरींतील टाकाऊ कागदांच्या पाठकोऱ्या बाजू घेई, त्यांचेच तुकडे कापून चिकटवावयास लावी.

तिच्या दोन गोष्टी आम्हांस फार मोलाच्या वाटतात. तिनें मुलांस "तुम्हांवर काय गुदरलें तें काढा" असा हुकूम केला नाहीं. ती त्यांस रेषेची लय, रंगांचा मेळ, वस्तूकडे नीट पाहणें, असें खरेंखुरें शिक्षण देत असे. दुःख येई तर त्यांतूनच आपोआप येई. कोणी आगगाडी काढली, कोणी एकावर एक रचलेल्या निजण्याच्या फळ्या काढल्या. पुष्कळांनीं मात्र फुलें, कुरणें आणि आपलें सुटलेलें घर काढलें. दुसरी गोष्ट अशी कीं प्रत्येक चित्रावर मुलानें आपलें नांव लिहावें असा तिचा आग्रह असे. जेथें माणसाचा नंबर झाला होता तेथें ही बाई मुलांकडून नांव लिहवून घेत होती. १९४४ च्या ऑक्टोबरांत तिला ऑश्विट्झ येथें नेऊन मारण्यांत आलें. जाण्यापूर्वीं सुमारें साडेचार हजार चित्रें तिनें दोन पेट्यांत भरून ठेविलीं होतीं. युद्ध संपल्यावर तीं बाहेर आलीं, व आज प्राग येथील यहूदी संग्रहालयांत आहेत. काढणारीं बहुतेक मुलें वांचलीं नाहींत. तिच्या चित्रकलेनें त्यांचे प्राण वांचविले नाहींत, आणि तसा दावाहि कोणी करूं नये. परंतु प्रागमधील तिची एक विद्यार्थिनी, एडिथ क्रॅमर, अमेरिकेस जाऊन पोहोंचली, आणि मुलांच्या मनाचे घाव चित्राच्या साहाय्यानें हाताळण्याचें जें शास्त्र आज जगभर शिकविलें जातें त्याच्या आद्य प्रवर्तकांत तिची गणना होते.

पालकांस विनंति आहे ती एवढ्यासाठींच कीं त्यांनीं फ्रीडलपणा करावा, फौजदारपणा करूं नये. मूल चित्र काढीत असलें तर "हें काय? हा कोण? ह्याला हात कां नाहींत?" ही उलटतपासणी थांबवावी. लाल रंग दिसला कीं रक्त आणि काळा दिसला कीं निराशा, असा अर्थ काढण्याची विद्या हल्लीं फोनवरून घरोघर पोहोंचली आहे. पुष्कळदां लाल रंग असतो तो इतकाच कारणानें कीं डबींतील बाकीचे खडू धाकट्या भावानें मोडलेले असतात. चित्र सुधारूं नये. त्यास गुण देऊं नयेत. मुलास विचारल्यावांचून तें भिंतीवर लावूं नये, आणि व्हॉट्सॲपवर नातेवाइकांस तर मुळींच धाडूं नये; तें मुलानें तुम्हांस दाखविलें आहे, गांवास नव्हे. एखाद्या आपत्तीनंतर त्याच आपत्तीवर चित्रकलास्पर्धा भरविण्याचा जो उत्साह संस्थांस येतो, त्याविषयीं आमचें मत येथें छापण्यासारखें नाहीं. जवळ बसावें, मुकाट्यानें बसावें. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस व सात रात्री जमिनीवर न बोलतां बसले होते, तोंवर त्यांचें सर्व ठीक चाललें होतें. बिघडलें तें ते बोलूं लागल्यावर.

मात्र मौन म्हणजे दुर्लक्ष नव्हे. तेंच तें चित्र, कांहींहि फरक न होतां, आठवडेच्या आठवडे निघत असेल, मूल झोपत नसेल, जेवत नसेल, दचकत असेल, जीव नकोसा झाल्याचें बोलत असेल, तर कागद पुरे नाहीं, डॉक्टरांस भेटावें. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य आहे. आणि मुलास कोणी त्रास देत आहे असा संशय आला तर चित्रावरून निवाडा न करितां शांतपणें विचारावें, त्याच्यावर विश्वास ठेवावा, व १०९८ ह्या क्रमांकावर कळवावें. तो क्रमांक मुलांनीं स्वतःहि फिरविण्याचा आहे. ज्या घरांत मार चालू आहे तेथें रंगपेटी देऊन समाधान मानणें हा निष्ठुरपणा होय.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. "माझी चित्रकला चांगली नाहीं" ही सबब येथें लागू पडत नाहीं. जो कागद कोणास दाखवावयाचा नाहीं त्याची परीक्षा कोण घेणार? घराच्या भिंती वांकड्या आल्या तर येऊं द्या. आणि तुमच्या शेजारच्या मुलाच्या वहींत तुम्हांस कांहीं चमत्कारिक चित्र दिसलें तर तें हिसकावून वर्गांत फिरवूं नका. तुम्हांस तो विनोद वाटेल; परंतु त्या मुलाच्या घरीं गेल्या महिन्यांत काय झालें हें तुम्हांस ठाऊक असतेंच असें नाहीं.

राहतां राहिली व्यवस्थेची गोष्ट. चित्रकलेच्या खोलींत एक लहान कपाट कुलपावांचून असावें, त्यांतून कोणीहि, कोणत्याहि इयत्तेच्या मुलानें, न विचारतां कागद घ्यावा, आणि त्याची नोंद कोठेंहि होऊं नये, अशी सूचना आम्हीं केली आहे. खर्चाची अडचण पुढें येईल म्हणून आधींच सांगतों: कचेरींतील पाठकोरे कागद पुरेसे आहेत, गेरू स्वस्त आहे, व चुलीचा कोळसा ज्या पालकांच्या घरीं अजून निघत असेल त्यांनीं मूठभर कागदांत बांधून मुलाबरोबर पाठवून द्यावा.